सात गोल मारून हरलेली मॅच

गोल झाला की सर दोन टाळ्या वाजवायचे. समोरच्यांनी आमच्यावर मारला तरी दोन, आणि आमच्या पोरांनी चुकूनमाकून मारला तरी दोनच. टाळ्या वाजवून झाल्या की हात पाठीमागे बांधायचे आणि मैदानाकडे बघत म्हणायचे, "चला, अजून टाइम हाय."

तेव्हा बारा-शून्य झालेलं असायचं. रेफरीची नजर घड्याळावर असायची. सरांचा टाइम काही संपायचा नाही.

मी कॉलेजात कामाला लागले त्या आठवड्यात हे पहिल्यांदा पाहिलं. गोल आमच्यावर झाला आणि हा माणूस टाळ्या वाजवतोय, म्हणजे हे त्या दुसऱ्या कॉलेजचे सर असणार, असं मला वाटलं. मी आमच्या पोरांसाठी भरलेली पाण्याची कळशी उचलली आणि त्यांच्यापासून लांब नेऊन ठेवली. ते माझ्यामागून चालत आले.

"बाय, पानी कुठं नेतेस? मी तुमचाच हाय."

मी मान खाली घालून कळशी परत आणली. त्यानंतर सात वर्षं मी त्यांच्या जिमखान्याचं काम केलं, पण त्यांच्याशी धड दहा वाक्यं बोलले असेन की नाही, शंकाच आहे.

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. लालबागची खोली सोडून आम्ही भाईंदरला पूर्वेला राहायला आलो होतो. मिस्टर स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लागले आणि मी कॉलेजात. झाडणं, पाणी भरणं, जिमखान्याच्या जर्सी धुणं, अशी माझी कामं. शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे शिकलेल्या माणसांसमोर तोंडातून शब्द फुटायचा नाही. सर शिकलेले होते, पण त्यांची भीती वाटायची नाही. ते उत्तनचे, ख्रिस्ती कोळी. भाऊ होडीवर जायचे आणि हे फुटबॉल खेळता खेळता सर झालेले. बुटके, काळेसावळे, पोट जरासं पुढे. गळ्यातली शिट्टी जाळ्याच्या निळ्या दोरीत ओवलेली.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत आमची टीम कशी होती ते सांगते. गोलकीपर गुजराती, अंगानं चांगला धिप्पाड, पण बॉल आला की आधी तोंड फिरवायचा. बचावाला दोन सख्खे भाऊ होते. घरच्या कसल्या तरी भांडणामुळे ते एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून बॉल नेमका दोघांच्या मधून जायचा. एक भैया होता, तो पळायचा वाऱ्यासारखा, पण बॉल मागे ठेवून. खेळणारा खरा एकच, आमचा कॅप्टन. काटक, तोंडाळ, नवघरच्या चाळीतला. मला मावशी म्हणायचा आणि सरांना सर म्हणताना त्या एका शब्दात कधी लाड आणायचा, कधी रुसवा.

मैदान कॉलेजला लागूनच, जेसल पार्कच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला. एका अंगाला मिठागरं. उधाणाच्या दिवशी खाडीचं पाणी कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत यायचं. म्हणून मॅचची तारीख ठरवायला टुर्नामेंटवाल्यांचा फोन आला की सर तारीख नाही, तिथी सांगायचे. "पुनवेला न्हाय हो! अष्टमीला ठेवा. अष्टमीला पानी आळशी असतं." पलीकडचा माणूस काय समजायचा कोण जाणे. एकदा त्यानं विचारलं म्हणे, "आपके यहाँ पूजा है क्या?"

एकदा माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. मैदानावर रेषा मारायच्या चुन्याच्या गोणीत पाणी शिरून तिचा दगड झाला होता. सकाळी मॅच. मी विचार केला, चुनाही पांढरा, मीठही पांढरं. मिठागराच्या राखणदाराला विचारून चार बादल्या मीठ आणलं आणि सर यायच्या आत डब्यानं सगळ्या रेषा मारून टाकल्या. अशा झळकत होत्या! सर आले, बघून खूश झाले. "बाय, चुना एकदम भारी हाय आज." मी मिठाची बादली पाठीमागे सरकवली. नंतर ते चहाला गेले आणि मी वर्ग झाडायला गेले. तेवढ्यात बकऱ्या आल्या.

रेफरी येऊन बघतो तर अर्धी साइडलाइन गायब आणि गोलसमोरच्या चौकोनात सात-आठ बकऱ्या मान खाली घालून चाटतायत. हाकलल्या तरी फिरून यायच्या. खेळ सुरू झाल्यावर तर आणखी बहार. जो पोरगा रेषेवर घसरून पडेल तो गुडघा धरून बोंबलायचा. कॅप्टन लंगडत आला आणि म्हणाला, "मावशी, जखमेवर मीठ चोळतात ते ऐकलं होतं, तुम्ही तर गोणीनं ओतलंत!" मला वाटलं, आज नोकरी गेली. सर पोट धरून हसले. डोळे पुसत म्हणाले, "आमच्या घरी बोंबलाला मीठ लावतात. आज पोरांना लागलं. वाळवून ठेवू."

ती मॅच आम्ही नऊ-शून्यनं हरलो.

हरण्याचं सरांना काही वाटत नव्हतं असं नाही. हरून आले की जिमखान्यात बसून ते बॉल पुसायचे. ओल्या फडक्यानं, मग सुक्या फडक्यानं, लहान पोराचं अंग पुसावं तसा. तेव्हा मी तिकडे झाडायला जात नसे.

पण एका मॅचला मी त्यांना वेगळं पाहिलं. मुंबईचं मोठं कॉलेज आलं होतं. त्यांच्याकडे सगळ्यांना सारखे बूट, सारख्या बॅगा. अर्ध्या तासात आठ गोल झाले. मग त्यांना कंटाळा आला आणि त्यांनी मजा सुरू केली. त्यांचा गोलकीपर कुणाची तरी छत्री उघडून तिच्याखाली बसला. बाहेर बसलेली पोरं एका सुरात गोल मोजायला लागली. "भायंदर, घर जाओ, मम्मी बुला रही है!" सर हात मागे बांधून उभे. प्रत्येक गोलला दोन टाळ्या चालूच.

शेवटी त्यांच्या एका पोरानं आमच्या गोलकीपरला चुकवलं, बॉल गोलच्या रेषेवर आणून थांबवला, स्वतः जमिनीवर पालथा झोपला आणि डोक्यानं हळूच आत ढकलला. सगळं मैदान हसलं. आमचा तो धिप्पाड गोलकीपर खांबाला टेकून रडायला लागला.

मी सरांच्या हातांकडे बघितलं. हात मागेच राहिले. "हा मोजायचा न्हाय," असं ते पुटपुटले. रेफरीनं अर्थात मोजला.

मॅच संपल्यावर त्यांनी पोरांना गोल करून बसवलं. "चौदा खाल्ले, त्याचं काय न्हाय. समोरचा चांगला खेळला. पन झोपून मारला तो गोल न्हाय. तो थुंकला आपल्यावर. तुमच्यातल्या कुनी असं केलं ना, तर मॅच तिथंच सोडीन. सांगून ठेवतो."

कॅप्टन म्हणाला, "सर, त्यासाठी आधी त्यांच्या गोलपर्यंत पोचायला पाहिजे!"

रडणारा गोलकीपरसुद्धा हसला. सरही हसले. तेव्हा ती गोष्ट हसण्यावारीच गेली.

पुढच्या वर्षी प्रिन्सिपलसाहेबांनी सरांना बोलावून सांगितलं की जिमखान्याच्या खोलीत आता कॉम्प्युटर बसवायचे आहेत. फुटबॉलचा उपयोग काय? या वर्षी एक तरी मॅच जिंका, नाहीतर फुटबॉल बंद. सरांची नोकरी वर्षावर्षाच्या कागदावर चालायची. फुटबॉल बंद म्हणजे सरही बंद. ते स्वतः कुणाला बोलले नाहीत, पण कॉलेजात असली गोष्ट लपत नाही. पोरांना कळली. ते बोलत नसलेले दोघे भाऊ त्या दिवसापासून मैदानात तरी बोलायला लागले. "सोड!" "घे!" एवढंच, पण बोलायला लागले.

तरी पहिल्या चारही मॅच हरलो. राहिली एक, शेवटची, आमच्याच मैदानावर, अष्टमीची.

समोर कोण येणार याची सगळ्यांना धास्ती होती. आलं ते विरारच्याही पलीकडचं एक नवीन कॉलेज. नऊच पोरं. स्टेशनवरून चालत आलेली. दोघं अनवाणी. गोलकीपर फुल पँटमध्ये, पायाशी दुमडलेली. त्यांच्याबरोबर सरसुद्धा नव्हते. मी पाणी द्यायला गेले तर त्यातला एक म्हणाला, "काकू, बूट काढून खेळलं तर चालतं का हो इथं?" मी मान हलवली. मला त्यांच्यात आमचीच पोरं दिसली, पाच-सहा वर्षांपूर्वीची.

आणि आमच्या पोरांनी गोल मारले! पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येकाला सरांच्या दोन टाळ्या. मीही कळशीमागे उभी राहून पदराआड टाळ्या वाजवत होते. सहा-शून्य झालं. गच्चीवरून कॉलेजची पोरं ओरडत होती. आमच्या पोरांना ते चढलं. इतकी वर्षं पोटात साठलेलं सगळं वर आलं. भैयानं बॉल पायाखाली धरून कंबर हलवली. आमचा गोलकीपर, तोच तो, खांबाला टेकून मांडी घालून बसला. सरांनी दोनदा हाक मारली, "सरळ खेळा रे!" पण गच्चीवरच्या आरडाओरड्यात कोण ऐकतो?

शेवटची पाच मिनिटं राहिली असतील. कॅप्टननं फुल पँटवाल्या गोलकीपरला चुकवलं. तो बिचारा आडवा पडला. कॅप्टननं बॉल रेषेवर थांबवला. गच्चीकडे बघून सलाम केला. मग पालथा झोपला आणि डोक्यानं बॉल आत ढकलला.

सात-शून्य.

सर मैदानात शिरले. पळत नाही, चालत. रेफरी शिट्टी वाजवत होता तिकडे बघितलंही नाही. कॅप्टन अजून जमिनीवर पडून हसत होता. सरांनी त्याला उठवलं ते कानाला धरून. वीस वर्षांचा मिशी फुटलेला पोरगा, आणि सर त्याला कानाला धरून त्या फुल पँटवाल्यासमोर घेऊन गेले. "माफी माग." सगळं मैदान बघतंय. गच्चीवरची पोरं, जी आत्तापर्यंत त्याचं नाव घेऊन ओरडत होती, तीच त्याला हसायला लागली. कॅप्टन लालबुंद झाला. काहीतरी पुटपुटला. मग सर रेफरीला म्हणाले, "आमची टीम सोडते. मॅच त्यांची."

"सर, पाचच मिनिटं!" दोघे भाऊ एकदम ओरडले.

"सोडली," सर म्हणाले.

त्या नऊ पोरांनाही कळेना. त्यातला एक म्हणाला, "सर, राहू द्या ना. आम्हाला काय नाय वाटलं." सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण ऐकलं नाही.

कॅप्टननं जर्सी काढली आणि सरांच्या पायाशी टाकली. तेव्हा तो जे बोलला ते मी कळशीपाशी उभी राहून ऐकलं. "सात वर्षांत आपलं कॉलेज एक मॅच जिंकत होतं, तीपण तुम्ही खाल्ली. कोणासाठी जिंकत होतो, माहितीये? तुमच्यासाठी!" आणि उघड्या अंगानं निघून गेला. सर जर्सी उचलायला वाकले, पण त्यांच्या आधी मी उचलली. त्यांना वाकलेलं बघवेना.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपलसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. सर तिथं उभे होते.

"बाई, तुम्ही काल तिथं होता. यांना नक्की काय झालं होतं? तब्येत बिघडली होती का?"

साहेब वाईट नव्हते. त्यांच्या विचारण्यातच वाट ठेवलेली होती, ती मलासुद्धा दिसली. मी बोलले. "हो साहेब. त्यांना चक्कर आली. उन्हानं. काय करतायत ते त्यांना कळत नव्हतं." आयुष्यात ऑफिसात बोललेलं माझं ते सगळ्यात मोठं वाक्य, आणि तेही खोटं.

साहेबांचा चेहरा मोकळा झाला. "मग तसं पत्र देऊ. मॅच परत खेळवतील."

सर बुटांकडे बघत म्हणाले, "ही बाय चांगली हाय, म्हणून खोटं बोलते. चक्करबिक्कर काय न्हाय, साहेब. मी शुद्धीत सोडली मॅच."

बाहेर आल्यावर मला रडू आवरेना. मी पहिल्यांदा त्यांच्यावर रागावले. म्हटलं, "काय गेलं असतं तुमचं?"

"बाय," ते म्हणाले, "चौदा खाल्ले तेवा खोटं न्हाय बोललो. आता सात मारल्यावर कशाला?"

महिन्याभरात जिमखान्यात कॉम्प्युटर आले. सर उत्तनला गेले ते गेलेच. कॅप्टन त्यांना भेटायला आला नाही, आणि त्यांनीही त्याला निरोप धाडला नाही. जाताना त्यांनी मला दाराशी "येतो बाय" म्हटलं, आणि मी नेहमीसारखी नुसती मान हलवली.

तुम्ही म्हणाल, सर किती थोर. मलाही काही दिवस तसंच वाटायचं, आणि काही दिवस वाटायचं की कॅप्टन काय चुकीचं बोलला? पोरं एकदाच जिंकत आली होती. ती धडा घ्यायला आली नव्हती, सरांना वाचवायला आली होती. यावरून मी मनातल्या मनात सरांशी पुष्कळदा भांडले.

पाच वर्षांनी, मे महिन्यात, पावसाळ्याची सुकी मासळी भरायला मी उत्तनला गेले. बोंबील घेता घेता कोळणीला सरांचं घर विचारलं. विचारायला मला तीन वेळा धीर गोळा करावा लागला. तिनं हात करून दाखवलं. दारात सरांची बायको पापलेट साफ करत बसली होती. सर जाऊन दोन वर्षं झाली होती. काविळीचं निमित्त.

मी कॉलेजातली म्हटल्यावर तिनं हात धुतले आणि मला आत बसवलं. "म्हंजे तुमी मिठाची बाय!" म्हणाली. मग चहा ठेवला. आणि चहा उकळत असताना, माझ्याकडे पाठ करून, तिनं विचारलं, "तो कॅप्टन कुठं असतो आता?"

मी म्हटलं, स्टेशनजवळ भांड्यांवर नावं घालतो.

"यांना मॅच सोडली त्याचं काय न्हाय वाटलं कधी," ती म्हणाली. "नोकरीचं पन न्हाय. पन त्याचा कान धरला ना सगळ्यांसमोर, ते खात होतं. म्हनायचे, दुसऱ्याच्या पोराची लाज राखायला गेलो आणि माझ्या पोराची घालवली. आजारात तर रोजच तेच. मी म्हनायची, जा ना मग, सांग त्याला. तर म्हनायचे, कुठल्या तोंडानं जाऊ?"

बोंबलांची पिशवी घेऊन मी बसनं परत आले. घरी जायला सरळ रस्ता होता. पण मी स्टेशनकडे वळले.

कॅप्टन पाटावर बसून काम करत होता. हातात ते नाव कोरायचं मशीन, मांडीवर कळशी, समोर लग्नाच्या भांड्यांची चळत आणि ती घेऊन आलेली एक मारवाडी बाई. "अरे मावशी! या, या. काय घालायचंय?" मशीन थांबलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सर गेल्याचं त्याला माहीत होतं. बाकीचं नव्हतं. मी सरांच्या बायकोचे शब्द जसेच्या तसे सांगितले, माझ्याच्यानं दुसरं काही जमलं नसतं.

मशीन बंद झालं.

त्यानं मांडीवरची कळशी खाली ठेवली. मग म्हणाला, "मी दर नाताळला जायचो, मावशी. उत्तनच्या नाक्यापर्यंत. हातात केक घेऊन. तिथं चहा प्यायचो आणि परत यायचो. म्हटलं, सर तोंड बघणार नाहीत माझं."

मी बोंबलांची पिशवी खाली ठेवली.

"घर कुठलं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. नाक्यावरून खाली, बोंबील वाळवायच्या बांबूंच्या मागे, निळ्या दाराचं. नाक्यावरून दिसतंसुद्धा.

तो उठला. चपला घातल्या. मारवाडी बाई म्हणाली, "अरे भैया, लड़की का नाम तो पूरा करो!" त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. बसस्टॉपच्या दिशेनं आधी चालत गेला, मग पळायला लागला.

मी पाटाच्या कडेला टेकले. त्या बाईला म्हटलं, "बैठो, बहन. आयेगा वो." उन्हं चांगली तापली होती, आणि उत्तनची बस जायला-यायला दोन तास तरी घेते.